वाढीच्या हिशेबात उरते काय?

एखाद्या देशाचे उत्पादन वर्षभरात ६ टक्क्यांनी वाढले असे धरू. त्याच वर्षात यंत्रे, इमारती, रस्ते यांचा साठा ७ टक्क्यांनी वाढला आणि कामाचे एकूण तास २ टक्क्यांनी. उत्पन्नात भांडवलाचा वाटा ०.४ आणि श्रमाचा ०.६ असेल, तर भांडवलामुळे वाढ झाली २.८ टक्के आणि श्रमामुळे १.२ टक्के. बेरीज ४. मग वरचे २ टक्के आले कुठून?

या उरलेल्या आकड्याला एकूण घटक उत्पादकता म्हणतात. रॉबर्ट सोलो यांनी १९५७ मध्ये अमेरिकेच्या १९०९ ते १९४९ या काळाचा असाच हिशेब मांडला. कामाच्या एका तासामागचे उत्पादन त्या चाळीस वर्षांत दुप्पट झाले होते आणि त्यातला जेमतेम आठवा हिस्सा वाढीव यंत्रसामग्रीच्या खात्यावर टाकता येत होता. बाकीचे सगळे ‘उरलेले’. त्याच्या आदल्या वर्षीच मोझेस अब्रामोवित्झ यांनी या उरलेल्या आकड्याला आपल्या अज्ञानाचे माप म्हटले होते, आणि ते आजही खोटे नाही. त्यात नवे तंत्रज्ञान येते, कामगारांचे कौशल्य वेगळे मोजले नसेल तर तेही येते आणि मोजमापाच्या चुकाही येतात. सरकारी धोरणे आणि संस्था, म्हणजे कायदे, न्यायालये, मालकीहक्क असे व्यवहाराचे नियम, यांचा परिणामही बहुतांशी इथेच दडलेला असतो. यंत्रे तीच, माणसे तीच आणि तरी उत्पादन कमीजास्त, असे का होते याचे उत्तर अनेकदा नियमांत सापडते.

मात्र हा आकडा जपून वाचावा लागतो. मंदीत कारखाने अर्ध्या क्षमतेने चालतात, पण भांडवलाच्या खात्यात यंत्रे पूर्णच दिसतात. त्यामुळे उत्पादकता ‘घसरते’ आणि तेजीत आपोआप ‘सुधारते’. त्यात धोरणाचे ना श्रेय असते ना दोष. दुसरी गोची सरकारी गुंतवणुकीची. अर्धवट राहिलेल्या पुलावर खर्च झालेला पैसाही हिशेबात भांडवल म्हणूनच चढतो. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने अंदाज काढला की सार्वजनिक गुंतवणुकीतून जेवढे मिळायला हवे, त्यातले सरासरी ३० टक्के अकार्यक्षमतेत वाया जाते. प्रकल्पाची निवड, निविदा आणि देखभाल या तिन्ही टप्प्यांवर ही गळती होते. देखभालीकडे सगळ्यांत कमी लक्ष जाते, कारण डागडुजीचे उद्घाटन करता येत नाही.

आता दोन कारखाने घ्या. पहिल्याला सवलतीचे कर्ज ४ टक्क्यांनी मिळते. तो विस्तारत जातो आणि थांबतो तेव्हा त्याच्या शेवटच्या १०० एकक भांडवलातून वर्षाला ५ एकक निघत असतात. दुसऱ्याला बँक दारात उभे करत नाही. तो २४ टक्क्यांनी बाहेरून पैसा उचलतो, म्हणून पुढच्या १०० एककांतून २४ निघण्याची शक्यता असतानाच त्याला थांबावे लागते. पहिल्याकडचे १०० एकक दुसऱ्याकडे गेले, तर देशात एकही नवे यंत्र न येता उत्पादन १९ एककांनी वाढते. जसजसे भांडवल हलते तसतशी दोघांतली दरी बुजते, त्यामुळे पुढच्या प्रत्येक शंभराचा फायदा आधीपेक्षा कमी.

चांग-ताय शे आणि पीटर क्लेनो यांनी २००९ मध्ये कारखान्यांची आकडेवारी घेऊन हीच तफावत मोजली. एकाच उद्योगातल्या कारखान्यांमध्ये भांडवल आणि श्रम अमेरिकेइतक्या नीटपणे वाटले गेले असते, तर कारखानदारीतली उत्पादकता चीनमध्ये ३० ते ५० टक्क्यांनी आणि भारतात ४० ते ६० टक्क्यांनी जास्त असती, असे त्यांचे उत्तर आले. नंतरच्या संशोधनाने दाखवले की या तफावतीतला काही भाग निव्वळ नोंदींच्या चुकांचा आहे. तेव्हा हे आकडे वरची मर्यादा म्हणून वाचणे बरे. दिशेबद्दल मात्र फारसा वाद नाही.

अशी तफावत निर्माण करायला भ्रष्टाचारच लागतो असे नाही, सद्हेतूने केलेला नियमही पुरतो. फ्रान्समध्ये पन्नासावा कामगार नेमला की कंपनीवर कामगार परिषदेपासून नफ्यातल्या वाट्यापर्यंत बरीच बंधने एकदम लागू होत. परिणाम आकडेवारीत उघड दिसे: ४९ कामगारांच्या कंपन्यांची गर्दी आणि ५० वर एकदम ओसरती रांग. जी कंपनी ८० वर जाऊ शकली असती ती ४९ वर अडून राहते आणि तिचे काम कमी कार्यक्षम कंपन्यांकडे जाते. २०१९ च्या कायद्याने यावर साधा उपाय केला. सलग पाच वर्षे मर्यादा ओलांडलेली राहिली तरच बहुतेक बंधने लागू होतात. नियम तोच ठेवून त्याची कडा बोथट केली की बरेच नुकसान टळू शकते, हे धोरणे आखणाऱ्यांच्या लक्षात फार उशिरा येते.

संस्थांचा दुसरा मोठा परिणाम भरवशातून होतो आणि तो कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. एखाद्या प्रकल्पातून दरवर्षी १०० एकक उत्पन्न कायमचे मिळणार आहे. व्याजदर १० टक्के धरला तर त्याचे आजचे मूल्य १००० होते. आता परवाना रद्द होण्याची, जमीन जाण्याची किंवा कराचा नियम उलटून सगळेच बुडण्याची शक्यता दरवर्षी ५ टक्के आहे असे धरा. आजचे मूल्य ६३३ वर येते. यंत्र बदललेले नाही, मागणीही तीच आहे, पण ८०० एकक खर्चाचा जो प्रकल्प काल फायद्याचा होता तो आज तोट्यात. सरकारने प्रत्यक्षात काहीही हिरावले नाही तरी नुकसान झालेच, कारण प्रकल्प उभाच राहिला नाही. असे न उभे राहिलेले कारखाने कोणत्याच सर्वेक्षणात दिसत नाहीत.

यात आणखी एक पेच आहे. गुंतवणूक होईपर्यंत करसवलत जाहीर करणे आणि कारखाना उभा राहिल्यावर ती काढून घेणे, हे त्या त्या क्षणी सरकारला सोयीचेच असते. फिन किडलँड आणि एडवर्ड प्रेस्कॉट यांनी १९७७ मध्ये हा पेच सूत्रबद्ध केला. म्हणूनच सरकारे काही बाबतींत स्वतःचे हात बांधून घेतात. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने रिझर्व्ह बँकेला महागाईवर ताबा ठेवण्याचे काम देऊन रोजच्या राजकारणापासून दूर ठेवले. पुढे अनेक देशांनी तो मार्ग धरला.

चांगल्या संस्थांमुळे देश श्रीमंत होतात, की श्रीमंत देशांना चांगली न्यायालये परवडतात? देशादेशांची तुलना करून हे सुटत नाही. डॅरन असेमोग्लू, सायमन जॉन्सन आणि जेम्स रॉबिन्सन यांनी वसाहतकाळातल्या युरोपीय वसाहतकारांच्या मृत्युदराचा आधार घेऊन हा गुंता सोडवू पाहिला. जिथे वसाहतकार तगून स्थायिक झाले तिथे त्यांनी चांगल्या संस्था उभ्या केल्या, असा त्यांचा तर्क. २०२४ चे नोबेल त्यांना मिळाले, तरी त्या मृत्युदरांच्या आकड्यांवर गंभीर आक्षेपही आहेत. त्यापेक्षा जिथे नियम एकाला लागू झाला आणि शेजाऱ्याला नाही, अशा जागा जास्त शिकवतात.

अशी एक जागा अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्सच्या सीमेवर आहे. १९८१ मध्ये सुमारे १,८०० कुटुंबांनी एका मोकळ्या जमिनीवर घरे बांधली. जमीन सरकारी आहे अशी त्यांची समजूत होती. निघाली खासगी, आणि तीही अनेक मालकांची. १९८४ मध्ये ती संपादित करून रहिवाशांना देण्याचा कायदा झाला. काही मालकांनी भरपाई घेतली, काही न्यायालयात गेले. त्यामुळे एकाच वस्तीत, सारख्याच गरीब कुटुंबांपैकी काहींना मालकीपत्र मिळाले आणि काहींना वर्षानुवर्षे नाही. कोणता मालक भरपाई घेईल हे रहिवाशांच्या हातात नव्हते. प्रयोगशाळेतही याहून चांगली वाटणी झाली नसती.

सेबास्तियन गालियानी आणि एर्नेस्तो शार्ग्रोड्स्की यांनी दोन्ही गटांची तुलना केली. मालकीपत्र मिळालेल्यांच्या घरांच्या भिंती आणि छपरे चांगली होती, कुटुंबे लहान होती, मुले जास्त शिकत होती. मात्र मालकीपत्र तारण ठेवून कर्ज मिळेल, धंदा वाढेल, ही जी मोठी आशा पेरूचे अर्थतज्ज्ञ हर्नांदो दे सोतो यांनी जगभर पोचवली होती ती इथे जवळजवळ फोल ठरली. कर्ज फारसे वाढले नाही आणि उत्पन्नही नाही. बँका तारणाआधी नियमित पगार पाहतात आणि ही जमीन तर पहिली दहा वर्षे हस्तांतरितच करता येत नव्हती. घर कोणी काढून घेणार नाही ही खात्री एका कायद्याने मिळाली. पतपुरवठ्याला मात्र त्याच्या जोडीला जमिनीचा बाजार, वसुलीची व्यवस्था आणि पगाराची नोंद, एवढे सगळे लागते.

बरे, वसुली सुधारली म्हणून सगळ्यांचेच भले होते असेही नाही. भारतात १९९३ च्या कायद्याने कर्जवसुली न्यायाधिकरणे आली. ती निरनिराळ्या राज्यांत निरनिराळ्या वेळी सुरू झाली आणि १० लाख रुपयांवरच्या दाव्यांपुरतीच होती, म्हणून तुलना शक्य झाली. सुजाता विसारिया यांना आढळले की हप्ते वेळेवर येऊ लागले आणि नव्या मोठ्या कर्जांचे व्याजही उतरले. पण पुढच्या अभ्यासात दिसले की मोठ्या कर्जदारांकडे पैसा वळला आणि छोट्यांच्या वाट्याला कमी आला. बँकांकडचा एकूण पैसा तेवढाच असेल, तर वसुलीची खात्री जिथे जास्त तिथे तो ओढला जाणारच.

सुधारणेनंतरचा वाढीचा वेग तसाच टिकेल, हाही एक नेहमीचा गैरसमज. चीनमध्ये १९७८ पर्यंत वीस-तीस कुटुंबांचे पथक सामूहिक शेती करी आणि कामाचे गुण मोजून उत्पन्न वाटे. कोणी जास्त राबून पीक वाढवले तर त्या वाढीतला पंचविसावा वगैरे हिस्सा त्याच्या पदरात पडायचा. शेतभर पसरलेल्या माणसांवर लक्ष ठेवणे अवघड, त्यामुळे गुणही बहुधा हजेरीवर मिळत. मग जमीन सामूहिक मालकीचीच ठेवून ती कुटुंबांना करारावर दिली गेली. ठरलेला कोटा भरला की वरचे सगळे त्यांचे. १९८४ पर्यंत ही पद्धत जवळपास सर्वत्र पोचली. जस्टिन लिन यांच्या हिशेबानुसार त्या सहा वर्षांतल्या पीकवाढीतला जवळपास निम्मा वाटा या एका बदलाचा. बाकी वाढ सरकारी खरेदीचे दर आणि इतर कारणांची.

१९८४ नंतर वाढीचा वेग मंदावला. पद्धत बिघडली नव्हती, बदल करायला पथके उरली नव्हती. अडथळा काढल्याने उत्पादनाची पातळी २० टक्क्यांनी वर जाणार असेल आणि त्याला दहा वर्षे लागणार असतील, तर दहा वर्षे वाढीचा दर सुमारे १.८ टक्क्यांनी जास्त दिसतो आणि मग पूर्वपदावर येतो. त्या दहा वर्षांचा दर पुढची तीस वर्षे ताणून केलेली भाकिते हमखास फसतात. वेग कायमचा वाढवायचा तर नवे ज्ञान सतत यावे लागते. त्यासाठी संशोधन, शिक्षण आणि जुन्या कंपन्यांना नव्यांची भीती वाटेल अशी स्पर्धा लागते.

सरकारने उद्योग निवडून पाठबळ द्यावे का, या वादात दक्षिण कोरियाचे नाव दोन्ही बाजू घेतात. १९६० च्या दशकात तिथे निर्यातदाराने परदेशी ग्राहकाचे लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे मालाचे पैसे देण्याची बँकेची हमी, दाखवले की स्वस्त कर्ज मिळे. या अटीची खुबी अशी की कोणता कारखाना लायक हे मंत्रालयाला ठरवावे लागत नव्हते. ते परदेशी ग्राहक ठरवत होता आणि त्याच्यावर दबाव आणणे कोणाला शक्य नव्हते. १९७३ पासून मात्र सरकारने पोलाद, जहाजे, रसायने, अवजड यंत्रे असे उद्योग स्वतः निवडून त्यांच्याकडे कर्ज वळवले. पोलाद आणि जहाजबांधणी तरली. अवजड यंत्रांच्या कारखान्यांत मागणीपेक्षा कितीतरी जास्त क्षमता उभी राहिली, बाकी उद्योगांना कर्ज मिळेना, महागाई वाढली आणि १९७९ मध्ये सरकारने स्वतःच या मोहिमेला आवर घातला.