नामशेष झाला म्हणजे मागासलेला? काहीही!

नामशेष झालेला प्राणी मागासलेला आणि टिकला तो प्रगत, हे कधीपासून फिरतंय, पण उत्क्रांती दोघांचीही तेवढीच झालेली असते. न्यूझीलंडचं हसरं घुबड घ्या, रात्रीचा पक्का शिकारी, तरी १९१४ नंतर त्याचा खात्रीचा पुरावा नाही, कारण ते जमिनीलगत कपारीत अंडी घालायचं आणि १८८०च्या दशकात माणसांनी ससे आवरायला तिथे स्टोट नावाचे छोटे शिकारी प्राणी सोडले (ससे राहिले ते राहिलेच!). उलट दगडाखालचा वुडलाउस, १४ पायांचा, कीटक नाही हां, खेकड्याच्या गोतातला, पोटाखालच्या कल्ल्यांसारख्या अवयवांनी श्वास घेतो, कोरड्यात अडकला की मेलाच, तरी जगभर पसरलाय कारण कुजका पाला आणि ओल त्याला कुठेही मिळते.