डीएनएमधल्या बेसच्या जोड्या आणि आरएनएची घडण

डीएनए म्हणजे पेशीतला आनुवंशिक माहितीचा रेणू, त्याच्या दोन धाग्यांवरचे बेस, म्हणजे ॲडेनिन (ए), थायमिन (टी), ग्वानिन (जी) आणि सायटोसिन (सी) ही चार रासायनिक अक्षरं, ठरलेल्या जोडीनेच समोरासमोर बसतात, ॲडेनिनसमोर थायमिन आणि ग्वानिनसमोर सायटोसिन, यालाच बेस पेअरिंग म्हणतात. ए-टी मध्ये दोन हायड्रोजन बंध (हायड्रोजनमधून लागणारी हलकी पकड), जी-सी मध्ये तीन, एवढं बारावीला पाठ होतं आणि मार्कही मिळतात, पण जोडी अशीच का हे बऱ्याचदा राहून जातं आणि खरी मजा तिथेच आहे.

ठाणे स्टेशनला उभं राहून रूळ बघा. दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर, इथेही तेवढंच आणि कसाऱ्यालाही तेवढंच, नाहीतर गाडी घसरेल. डीएनएचंही असंच गेज आहे, रुंदी साधारण २ नॅनोमीटर. ए आणि जी मोठे, दोन रिंगांचे, त्यांना प्युरिन म्हणतात, टी आणि सी लहान, एकाच रिंगचे, ते पिरिमिडिन. दोन मोठे समोर आले तर धागे फुगणार, दोन लहान आले तर मधे फट पडणार, म्हणून एक मोठा एक लहान, तरच रुंदी शेवटपर्यंत सारखी राहते. मग ए समोर सी का नको, तेही मोठा-लहानच की? तर तिथे हायड्रोजन देणारी आणि घेणारी टोकं एकमेकांशी जुळत नाहीत. रुळांची उपमा मात्र इथपर्यंतच, कारण डीएनएचे दोन धागे उलट दिशांना जातात, एक अप आणि एक डाउन, आणि वर पिळलेले असतात, साधारण साडेदहा जोड्यांमागे एक वेढा.

हे उलगडलं तेही सरळ नाही. जीवरसायनशास्त्रज्ञ एर्विन चारगाफ यांनी १९५० च्या सुमाराला मोजून दाखवलं होतं की ए जेवढा तेवढाच टी आणि जी जेवढा तेवढाच सी. रोझलिंड फ्रँकलिन यांच्याकडचा १९५२ चा क्ष-किरण फोटो पिळाचा आकार स्पष्ट दाखवत होता, आणि त्यांना त्याचं श्रेय हयातीत नीट मिळालं नाही हे लिहायलाच हवं. डीएनएची रचना शोधणाऱ्या जोडीतले जेम्स वॉटसन पुठ्ठ्याचे बेस कापून जुळवत बसले होते आणि जुळत नव्हते, कारण पुस्तकांत छापलेल्या बेसमधले हायड्रोजन चुकीच्या जागी होते, रसायनशास्त्रज्ञ जेरी डोनोह्यू यांनी ते दुरुस्त करून सांगितलं आणि जोड्या बसल्या. वॉटसन आणि त्यांचे जोडीदार फ्रान्सिस क्रिक यांचा या रचनेवरचा लेख आला २५ एप्रिल १९५३ ला, बोरीबंदर-ठाणे पहिली गाडी धावली १६ एप्रिल १८५३ ला, म्हणजे शंभर वर्षं आणि नऊ दिवस, ठाणेकराला हे लक्षात ठेवायला सोपं.

एक गैरसमज काढायला हवा. डीएनए फक्त हायड्रोजन बंधांमुळे टिकतो असं नाही, बेस एकावर एक चपट्या थाळ्यांसारखे रचलेले असतात आणि त्या रचणीची पकडही खूप मोठी असते. तरी सुमारे ९५ अंशांपर्यंत तापवलं की धागे सुटतात, गार केलं की पुन्हा आपापला जोडीदार शोधतात, पीसीआर, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढायची पद्धत, यावरच चालते. २०२० मध्ये ठाण्यात, नवी मुंबईत घराघरांत आरटी-पीसीआर हा शब्द पोचला तेव्हा मशीनमध्ये हेच चाललं होतं, फक्त आधी विषाणूच्या आरएनएवरून डीएनए बनवून घ्यावा लागत होता.

आता आरएनए, डीएनएचाच भाऊबंद रेणू. यात टी च्या जागी युरेसिल (यु), आणि धाग्यातल्या साखरेवर एक जास्तीचा ऑक्सिजन. दिसायला क्षुल्लक, पण त्यामुळे आरएनए स्वतःच तुटू शकतो, म्हणून लॅबमध्ये तो उणे ८० अंशांना ठेवतात. तो बहुधा एकेरी धागा असतो म्हणून सरळ लोंबत राहतो असं मात्र समजू नका. तो स्वतःवरच दुमडतो, जिथे जिथे ए ला यु आणि जी ला सी सापडतो तिथे जोडी लागते आणि केसांच्या पिनेसारखे वळसे तयार होतात, शिवाय जी-यु अशी सैल जोडीही त्याला चालते. टीआरएनए, म्हणजे प्रोटीन बनवायला लागणारी अमिनो आम्लं वाहून आणणारा आरएनए, साधारण ७६ बेसचा, कागदावर तीन पानांच्या तिपतियासारखा काढतात, प्रत्यक्षात तो इंग्रजी एल अक्षरासारखा वळलेला असतो. आणि रायबोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या प्रोटीन बनवणाऱ्या यंत्रात, अमिनो आम्ल एकमेकांना जोडायचं काम प्रोटीन नाही, असाच दुमडलेला आरएनए करतो.