फायर सूटमध्ये उकडतंय? सूटवर पाणी ओतू नका
(जिनिंग, साखर कारखाने, एमआयडीसी व नगरपरिषदेच्या ग्राहकांसाठी)

उन्हाळा लागला की आमच्याकडे धुवायला-दुरुस्तीला येणारे बरेच सूट आतून चिंब असतात. कारण एकच. रुईची गंजी किंवा बगॅसचा (उसाच्या चोथ्याचा) ढीग वरून विझलेला दिसतो, आत धुमसत राहतो आणि उपसाउपशी तासन्‌तास चालते. ४२ अंशांच्या उन्हात जवान घामाघूम होतो, मग कुणीतरी कळकळीनं पाइपाचं तोंड त्याच्याकडे वळवतं. काही जण तर बनियन भिजवूनच सूट चढवतात.

हे करू नका. सूटच्या आतल्या पदरात कोंडलेली कोरडी हवा आच अडवते. तिथं पाणी शिरलं की आच लवकर आत पोचते, पाणी तापतं आणि कातडी वाफेनं भाजते. बीए सेटच्या (पाठीवरच्या श्वासाच्या हवेच्या सिलिंडरच्या) पट्ट्याखाली खांद्यावर आणि टेकलेल्या गुडघ्यावर सूट दाबला जातो, पहिला चटका तिथंच बसतो.

“हवा जात नाही, पातळ सूट द्या” असंही म्हणतात. एक लिटर घाम उडाला तर अंगातली सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता नेतो, पण बाहेरचं पाणी अडवणारा मधला पदर घामाची वाफही फार थोडी सोडतो. घाम बुटात जमतो, अंग तापतच राहतं. म्हणून एकपदरी सूट घालून पेटत्या गोदामात शिरायचं, हा सौदा आम्हाला मान्य नाही. त्या कामासाठी आम्ही तो विकत नाही. भिजवून घालायच्या जाकिटांचंही तेच. उघड्यावर छान, सूटखाली निरुपयोगी.

थंडावा द्यायचा तो बाहेर आल्यावर. एक ३० मिनिटांचा सिलिंडर संपला की किमान १० मिनिटं विसावा. दोन झाले की २० मिनिटं. सावलीत बसवून जाकीट, हातमोजे आणि हूड म्हणजे डोक्या-मानेवरची कापडी टोपी काढा (हूड हमखास राहतो), पँट बुटांपर्यंत खाली सरकवा. नुसती चेन उघडून बसणं म्हणजे विसावा नव्हे. मग दोन्ही हात कोपरापर्यंत १५ ते २० अंशांच्या पाण्यात, १५-२० मिनिटं. तळहातातून आणि कोपराखालच्या हातातून भरपूर रक्त कातडीजवळून फिरतं, ते थंड होऊन अंगात परततं.

पाणी गच्चीवरच्या टाकीचं नको, मे महिन्यात ते हाताला चटका देतं. हौदाचं ३० अंशांचं २० लिटर पाणी घ्या, त्यात लादीचा अडीच किलो बर्फ फोडून टाका. ते १८ अंशांच्या आसपास येतं. जास्त बर्फ घातलात तर हात कुणी फार वेळ ठेवत नाही. दोन जणांनंतर पाण्याला हात लावून बघा, कोमट वाटलं तर बर्फ वाढवा. आमच्याकडे हात टेकवायला बाजू असलेला घडीचा टब आहे, जीपमध्ये मावतो. तो घेतलाच पाहिजे असं नाही, रुंद तोंडाची प्लास्टिकची पाटीही चालते. कूलर लावा, कोरड्या हवेत तो चांगला चालतो, पावसाळ्यात त्यावर विसंबू नका. प्यायला मिठाचा मठ्ठा किंवा ओआरएस, घोट घोट.

माणूस बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर मात्र सगळा सूट उतरवा आणि अंगभर पाणी ओता. तेव्हाच १०८ ला फोन लावा, पण गाडीची वाट बघत ओतणं थांबवू नका.

चिंब सूट परत द्यायला आम्ही तीन दिवस लावतो, त्यावरून कुरकुर होते. उन्हात टाकला तर दुपारपर्यंत वाळेल, हे आम्हालाही कळतं. पण उन्हानं बाहेरचं अरामिड (सहज पेट न घेणाऱ्या धाग्याचं) कापड कमजोर होतं, वरून दिसत मात्र नाही. म्हणून पदर सुटे करून, उलटे टांगून, सावलीत पंख्याखाली वाळवतो. घरी धुणार असाल तर पाणी ४० अंशांच्या आत, ब्लीच अजिबात नको. तोवर अडू नये म्हणून बदली सूट भाड्यानं मिळतो; माप आणि बुटाचा नंबर आधी कळवा.