रापा नुईच्या लोकांनी स्वतःचा सर्वनाश केला नव्हता

पारसिकच्या टेकडीवर जेसीबी चढला किंवा खाडीकाठची कांदळवनं तुटली, की ठाणे-नवी मुंबईच्या सोसायटी ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावरच्या (म्हणजेच रापा नुईच्या) लोकांनी आपले प्रचंड दगडी पुतळे हलवायला शेवटचं झाडही तोडलं आणि उपासमारीत, भांडणांत ते संपले. टेकडी वाचायलाच हवी, पण दाखला चुकीचा आहे.

ताडांचं जंगल गेलं, हे खरं. त्यात कुऱ्हाडीबरोबर होड्यांतून आलेल्या उंदरांचाही हात होता. ते ताडाच्या बिया कुरतडत. पण शेती थांबली नाही. रापा नुई जेमतेम १६४ चौरस किलोमीटरचं, नदी नाही, माती निकस, वारा खारा. लोकांनी ज्वालामुखीचे दगड फोडून शेतात पसरले, काही मातीत मिसळले. त्याने ओल टिकते, वारा अडतो, दगडांतली खनिजं मातीत उतरतात. पीक मुख्यतः रताळ्याचं. (आपल्याकडे उपासाचं, तिथे रोजच्या जेवणातलं.)

२०२४ मध्ये उपग्रहचित्रांवरून ही दगडी शेतं मोजली, तर ती एक चौरस किलोमीटरही भरली नाहीत. म्हणजे कोसळण्याइतकी प्रचंड लोकसंख्या बहुधा कधी नव्हतीच. त्याच वर्षी १५ प्राचीन रहिवाशांच्या जनुकांच्या अभ्यासातही सतराव्या शतकात लोकसंख्या कोसळल्याची खूण दिसली नाही.

खरा घाला १८६२ पासून पडला. पेरूहून आलेल्या गुलामांच्या व्यापाऱ्यांनी शेकडो माणसं पळवून नेली, परतलेल्या मोजक्यांबरोबर देवीची साथ आली. १८७७ साली बेटावर सुमारे ११० जण उरले होते.