टेम्पोत पुठ्ठा कमी, हवाच जास्त

महापे-रबाळे एमआयडीसीत संध्याकाळी पुठ्ठ्याने ओसंडणारा, दोरीने कसाबसा आवळलेला टेम्पो हमखास दिसतो, आणि मला ते बघून खरंच वाईट वाटतं, कारण डिझेल जाळून आपण बरीचशी हवाच वाहून नेतोय. सुट्या खोक्यांचा ढीग एका घनमीटरला जेमतेम 50 किलो भरतो, तोच माल बेलिंग मशीनमध्ये, म्हणजे दाबून गठ्ठे बांधणाऱ्या मशीनमध्ये, दाबला की 300-400 किलोपर्यंत जातो.

खोक्याचा तुकडा फाडून कडेने बघा. दोन सपाट कागद आणि मध्ये नागमोडी कागद, सगळी ताकद त्या नागमोडीत आणि सगळी हवाही तिथेच. एकदा जोरात दाबली की ती मोडते आणि बऱ्यापैकी मोडलेलीच राहते, म्हणून पुठ्ठ्याचा गठ्ठा छान बसतो.

मशीनचा जोर येतो तेलातून, पास्कलचा नियम, म्हणजे कोंडलेल्या तेलावरचा दाब सगळीकडे सारखाच पोचतो. पिस्टनचा व्यास 15 सेंटीमीटर आणि तेलाचा दाब चौरस सेंटीमीटरला 150 किलो धरला तर हिशोब 26 टनांच्या वर जातो! पण खालची प्लेट मीटरभर लांब, 70 सेंटीमीटर रुंद असेल तर पुठ्ठ्यावर चौरस सेंटीमीटरला चारच्या आतच किलो येतात, पुठ्ठ्याला तेवढे पुरतात.

पॅलेटवरच्या (माल रचायच्या चौकटीवरच्या) मालाभोवती गुंडाळलेलं पातळ प्लास्टिक, म्हणजे स्ट्रेच फिल्म, मात्र हट्टी, ती ताणली जावी म्हणूनच बनवलेली, त्यामुळे दाब काढला की परत फुगते. म्हणून प्लेट खाली दाबलेली असतानाच पट्ट्या आवळायच्या. थर्माकोलमध्ये तर 98 टक्के हवा, त्याला वेगळं मशीन लागतं, पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यात तो घुसवू नका प्लीज.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाणी. आपल्याकडचा पाऊस माहितीये ना, उघड्यावर ठेवलेला पुठ्ठा पाणी पितो, काट्यावर वजन वाढतं म्हणून काहीजण खूश होतात, पण कागदाचे मिलवाले ओलावा मोजून तेवढे पैसे कापतात आणि ओला गठ्ठा आतून कुजायला लागतो ते वेगळंच. कागदाचा तंतू साधारण 5 ते 7 वेळा परत वापरता येतो, दरवेळी थोडा आखूड होत जातो, मग तो असा कुजवून का घालवायचा? शेडमध्ये, जमिनीला न टेकवता लाकडी पॅलेटवर ठेवा, आणि दाबायच्या आधी जमेल तेवढी चिकटपट्टी काढून टाका, कारण मिलमध्ये पुठ्ठ्याचा पाण्यात लगदा होतो तेव्हा तिचा गोंद बारीक चिकट कण होऊन त्यातच राहतो आणि नव्या कागदावर डाग पाडतो.