ऑपरेशननंतरचं वर्ष: कुशिंगच्या आजाराची पार्श्वभूमी

कुशिंगचा पेशंट ऑपरेशन होऊन घरी येतो. घरात पेढे वाटले जातात आणि पेशंटला मात्र अंथरुणातून उठवत नाही. सांधे ठणकतात, अन्नावरची वासना जाते, उगाच रडू येतं. 'गाठ काढली ना? रिपोर्ट नॉर्मल आले ना? मग आता काय झालं?' असं घरातलेच विचारतात. या प्रश्नाचं उत्तर आजाराच्या इतिहासात आहे. कॉर्टिसॉल हे शरीर स्वतः बनवतं ते हार्मोन. ते जास्त झालं की होणारा आजार, म्हणजे कुशिंग, आणि ते कमी पडलं की होणारा आजार वेगवेगळ्या काळात सापडले, पण पेशंटच्या आयुष्यात ते पाठोपाठ येतात.

कमतरतेचा आजार आधी कळला. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ मध्ये अकरा पेशंटची हकिकत छापली. खंगत जाणारी माणसं, काळवंडलेली कातडी, न संपणारा थकवा. मृत्यूनंतर तपासलं तेव्हा मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी बिघडलेल्या निघाल्या. त्या कॉर्टिसॉल बनवणाऱ्या अड्रिनल ग्रंथी. अनेकांच्या बाबतीत कारण क्षयरोग होतं. श्रीमंत देशांत आज हा आजार मुख्यतः शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटल्यामुळे होतो. आपल्याकडे क्षयाचं कारण अजून मागे पडलेलं नाही. ज्या मुंबईत शिवडीच्या टीबी हॉस्पिटलचा रस्ता रिक्षा-टॅक्सीवाल्यालाही विचारावा लागत नाही, तिथे टीबी होऊन गेलेला माणूस काळवंडला, वजन उतरलं, उभं राहिल्यावर चक्कर येऊ लागली, तर 'अशक्तपणा आहे, टॉनिक घ्या' म्हणून त्याला परत पाठवणं धोक्याचं आहे.

जास्तीचा आजार उजेडात यायला आणखी अर्धं शतक गेलं. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये १९१० मध्ये तेवीस वर्षांची एक तरुणी मेंदूचे सर्जन हार्वे कुशिंग यांच्यासमोर आली. पोट सुटलेलं, पाळी बंद, अंगावर नको तिथे केस. कुशिंग यांनी तिची केस १९१२ मध्ये लिहिली आणि १९३२ मध्ये अशा बारा पेशंटचा निबंध प्रसिद्ध केला. मेंदूच्या तळाशी असलेल्या, अड्रिनलला हुकूम देणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीतली बारीकशी गाठ हे मूळ, असं त्यांनी मांडलं. पुढे कळलं की गाठ अड्रिनलमध्येही असू शकते, क्वचित फुप्फुसातही. उपाय जवळपास नव्हता. उपचार न झालेल्यांपैकी निम्मे लोक पाच वर्षांत दगावत. दोन्ही अड्रिनल काढून टाकाव्यात, तर त्यांच्याशिवाय माणूस जगत नाही.

ही कोंडी फोडली कॉर्टिसोनने. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडल आणि स्वित्झर्लंडमध्ये टाडेउश राइखस्टाइन यांनी अड्रिनलमधली द्रव्यं वेगळी केली होती. सप्टेंबर १९४८ मध्ये फिलिप हेंच यांनी त्यातलं एक द्रव्य, म्हणजेच कॉर्टिसोन, संधिवाताने जखडलेल्या एका बाईला टोचलं आणि ती काही दिवसांत चालू लागली. १९५० मध्ये तिघांना नोबेल मिळालं. अ‍ॅडिसनचे पेशंट रोजच्या गोळ्यांवर जगू लागले, आणि कुशिंगच्या पेशंटच्या दोन्ही अड्रिनल काढून त्यांना औषधावर ठेवणंही शक्य झालं.

पण त्याच औषधाने कुशिंगची नवी जात जन्माला घातली, आणि आज जगभर सगळ्यात जास्त आढळते ती हीच. कॉर्टिसोनसारखं औषध, म्हणजे स्टिरॉइड, बाहेरून भरपूर मिळालं की गाल फुगतात, पोट सुटतं, साखर आणि बीपी वाढतं, हाडं ठिसूळ होतात. शिवाय आयतं मिळतंय म्हटल्यावर शरीराची स्वतःची ग्रंथी काम थांबवते. मग गोळी एकदम बंद केली की माणूस कोसळतो.

दमा, ल्युपस, किडनीचे काही आजार, प्रत्यारोपण यांत स्टिरॉइड जीव वाचवतं, हे ठासून सांगायला हवं. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीने दाखवलं की ऑक्सिजन लागणाऱ्या कोविड पेशंटमध्ये डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस, दिलं तर मृत्यू कमी होतात. राग येतो तो चोरून दिल्या जाणाऱ्या स्टिरॉइडचा. सांधेदुखीच्या, दम्याच्या बिननावाच्या पुड्या, 'जडीबुटी' म्हणून दिलेलं चूर्ण, गोरं होण्यासाठी मेडिकलमधून सहज आणलेली ट्यूब. पेशंट शपथेवर सांगतो की मी स्टिरॉइड घेत नाही, आणि ते त्याच्यापुरतं खरंच असतं. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातली प्रत्येक पुडी, बाटली, मलम पिशवीत घालून न्यावं.

स्वतःच्या गाठीमुळे होणारा कुशिंग दुर्मीळ, आणि म्हणूनच तो उशिरा सापडतो. आपल्याकडे चेहरा भरला की 'तब्येत सुधारली हो!' म्हणतात. नंतर वजन वाढतच गेलं की तोच समाज 'जरा तोंडावर ताबा ठेव' म्हणतो. मग थायरॉइड, पीसीओडी, डायबेटिस असे वेगवेगळे कागद जमत जातात आणि ते एकत्र कोणी वाचत नाही. वाढलेल्या वजनापेक्षा बोलक्या खुणा दुसऱ्याच आहेत. हातपाय काटकुळे आणि पोट मोठं. पोटावर, मांड्यांवर बोटभर रुंद जांभळे पट्टे. नुसतं धडकलं तरी काळंनिळं. देशी संडासात बसल्यावर भिंतीचा आधार घेतल्याशिवाय उठता न येणं, दादरचा पूल चढताना मांड्यांनी जवाब देणं, दोरीवर कपडे टाकताना हात वर न राहणं. मुलांमध्ये तर एक खूण फार मोलाची आहे: मूल जाड होत जातं आणि उंची थांबते. परळच्या केईएम हॉस्पिटलच्या एंडोक्रायनॉलॉजी विभागाने, डॉ. नलिनी शहा यांच्या काळात, मुलांमधल्या या आजारावर महत्त्वाचं काम प्रसिद्ध केलं आहे.

निदानासाठी आधी कॉर्टिसॉलची रोजची लय समजून घ्यावी. ते सकाळी सगळ्यात जास्त असतं आणि मध्यरात्री तळाला जातं. कुशिंगमध्ये रात्रीही उतरत नाही. रात्री अकराला डेक्साची (डेक्सामेथासोनची) १ मिलिग्रॅम गोळी घेऊन सकाळी आठला रक्त द्यायचं आणि कॉर्टिसॉल दबलं का ते बघायचं, ही पद्धत ग्रँट लिडल यांच्या १९६०च्या कामातून आली. दुसरी तपासणी चोवीस तासांच्या लघवीची. सकाळची पहिली टाकून द्यायची, त्यानंतरची प्रत्येक वेळची कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशीची पहिलीसुद्धा. चाळीत संडास सामायिक, घरात सासू-सासरे, ऑफिसात कॅन नेणं अशक्य. म्हणून बहुतेक बायका रविवार धरतात आणि सोमवारी कॅन दोन पिशव्यांत गुंडाळून डोंबिवलीहून लोकलने परळला आणतात. एकदा सांडलं की सगळं पहिल्यापासून. या तपासणीची लाज वाटावी असं त्यात काही नाही, हे घरातल्या पुरुषांनीच मोठ्याने बोलायला हवं.

उपचारांचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. मॉन्ट्रियलच्या ज्यूल आर्डी यांनी १९६०च्या दशकात सूक्ष्मदर्शक वापरून नाकाच्या मार्गाने पिट्युटरीतली बारीक गाठ तेवढीच काढून दाखवली. आज मुंबईतही 'नाकातून ऑपरेशन' हाच पहिला पर्याय आहे. अड्रिनलची गाठ १९९२ पासून दुर्बिणीतून निघू लागली. गाठ पूर्ण निघाली नाही किंवा परत आली तर पुन्हा ऑपरेशन, किरणोपचार, गोळ्या, आणि शेवटी दोन्ही अड्रिनल काढणं.

आता पुन्हा ते पेढ्यांचं घर. गाठ निघाली, पण गाठीच्या जोरात कित्येक वर्षं दबलेल्या निरोगी पेशी लगेच जाग्या होत नाहीत. काल ज्याला जास्तीचा आजार होता, त्याला आज कमतरतेचा. पेशंट गळून जातो तो म्हणूनच, आणि ऑपरेशन यशस्वी झाल्याचीच ती खूण असते. मधले महिने, कधी वर्षाहून जास्त, हायड्रोकॉर्टिसोन किंवा प्रेडनिसोलोनवर काढावे लागतात. डोस डॉक्टर हळूहळू उतरवतात आणि मधूनमधून सकाळचं कॉर्टिसॉल बघतात. या काळात सुट्टी मागणाऱ्या सुनेला किंवा कामगाराला 'नाटकं करते, करतो' म्हणणं क्रूर आहे.

आणि मुंबईचा पावसाळा आहे. निरोगी शरीर तापात स्वतःहून कॉर्टिसॉल वाढवतं. या पेशंटचं वाढवू शकत नाही. त्यामुळे डेंगी, लेप्टो किंवा साधा व्हायरल ताप आला तरी डॉक्टरांनी आधी लिहून दिल्याप्रमाणे डोस दुप्पट-तिप्पट करायचा. उलट्या सुरू होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर हायड्रोकॉर्टिसोनचं १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि थेट हॉस्पिटल, पाणी ओसरायची वाट न बघता. दात काढायचा असला तरी आधी सांगायचं. नवरात्राचा उपास असो की चतुर्थी, सकाळची गोळी चुकवायची नाही. 'मी स्टिरॉइडवर आहे, अचानक बंद करू नये' असं लिहिलेलं कार्ड रेल्वेच्या पासामागे ठेवावं, म्हणजे बेशुद्ध पडल्यास ते लोकांच्या हाती लागेल.