बीपी घरी मोजताना: मशीनसोबत द्यायचं माहितीपत्रक

"हे मशीन बरोबर दाखवत नाही, दर वेळी वेगळाच आकडा येतो," असं म्हणत बरेच ग्राहक आठवड्याभरात परत येतात. आम्ही त्यांना आधी खुर्चीत बसवून मोजायला सांगतो. बाही वर सरकवून दंडावर तिची घट्ट वळकटी झालेली, पट्टा अर्धा त्या वळकटीवर, हात मांडीवर, पायावर पाय आणि बोलणं चालूच! यातली प्रत्येक गोष्ट आकडा चुकवते, बहुतेक वेळा वाढवतेच. मशीन सहसा ठीक असतं.

मोजण्याआधी लघवीला जाऊन या. आधीच्या अर्ध्या तासात चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसा, फोनही बाजूला ठेवा. ही पाच मिनिटंच लोक गाळतात, आणि फरक तिथेच पडतो. पट्टा उघड्या दंडावर बांधा, हात टेबलावर असा टेकवा की पट्टा हृदयाच्या उंचीवर येईल. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या; लहान पट्ट्याने आकडा वाढीव येतो.

डॉक्टरांकडे जाण्याआधीचे सात दिवस सकाळी गोळी घेण्यापूर्वी आणि संध्याकाळी मोजून वहीत लिहा. न आवडलेला आकडा गाळू नका. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. घरी ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त येत असेल, तर बीपी वाढलेलं धरतात.

आणि एक कळकळीची विनंती: आकडा चांगला आला म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका. बहुधा तो गोळीमुळेच चांगला आलेला असतो. चक्कर येत असेल, पाय सुजत असतील तर तसं डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एका लहान चमच्याहून कमी, आणि त्यात पाकीटबंद पदार्थांतलं मीठही आलंच. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टान, रामिप्रिलसारख्या बीपीच्या गोळ्या चालू असतील, तर ते मीठ वापरण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि नाक मोकळं करणारी काही औषधं बीपी वाढवतात. ती घेताना आपल्याला बीपी आहे हे आवर्जून सांगा.

आकडा १८०/१२० च्या वर गेला तर थोडा वेळ शांत बसून पुन्हा मोजा. तरीही तेवढाच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. पण छातीत दुखणं, दम लागणं, एका बाजूची ताकद जाणं, बोलताना जीभ अडखळणं किंवा अचानक अंधुक दिसणं, यातलं काहीही असेल तर पुन्हा मोजत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

वर्षातून एकदा हे मशीन डॉक्टरांकडे सोबत न्या आणि त्यांच्या मशीनशी आकडा ताडून पाहा.